हौद, पाळणा आणि तिकीट

इसवी सन २०२२ च्या जून महिन्यांत वर्तमानपत्रांच्या व्यापारी पानांवर एक बातमी येऊन गेली. रायगड जिल्ह्यांत खोपोलीजवळ असलेल्या ‘इमॅजिका’ नांवाच्या मनोरंजन-उद्यानाचा ताबा संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाकडे गेला, एवढाच तिचा आशय. ज्यांस भागभांडवलाच्या उलाढालींत रस नाहीं, अशा वाचकांनीं ती न वाचतांच पान उलटलें असेल. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास त्या बातमींत विचार करण्यासारखें पुष्कळ आहे. ज्या जिल्ह्याचें नांव काढतांच अवर्षण, ऊंस आणि सहकारी साखर कारखाने हींच डोळ्यांपुढें येतात, त्या जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं मुंबई-पुण्याच्या करमणुकीच्या किल्ल्या याव्या, हा योगायोग नव्हे. त्याच्या मागें निदान पांचशें वर्षांची हकीकत आहे, आणि ती सांगण्याचा प्रस्तुत लेखांत विचार आहे.

आमच्या इतिहासग्रंथांत लढाया, तह व सनावळ्या यांस जेवढी जागा मिळते, तिच्या शतांशानेंही लोकांच्या करमणुकीस मिळत नाहीं. माणसें कशीं लढलीं हें आपण जाणतों, पण तीं सणावारीं काय पाहून हर्षभरित होत, ह्याचा शोध घेणें आपणांस पोरकट वाटतें. वास्तविक आनंद ही फुकट मिळणारी वस्तु नव्हे. त्यास जागा लागते, पैसा लागतो, नगरसारख्या जिल्ह्यांत पाणी लागतें. आनंदाचा खर्च कोणीं दिला, तो कोणाच्या वांट्यास आला, आणि त्यासाठीं कोणास दूर ठेवावें लागलें, हे प्रश्न विचारूं लागलें कीं करमणुकीचा इतिहास हा समाजाचाच इतिहास होतो.

मलिक अहमद निजामशहानें १४९० सालीं बहमनी सैन्याचा भिंगारजवळ पराभव केला आणि १४९४ त त्याच भूमीवर आपल्या नांवाचें शहर वसविण्यास आरंभ केला. (२०२४ सालापासून शहराचें व जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर असें आहे, लोकांच्या तोंडीं मात्र तेव्हांही ‘नगर’ होतें आणि आजही ‘नगर’च आहे.) ह्या नव्या राजधानीस मोठी नदी नव्हती, सीनेचा प्रवाह तो केवढा! म्हणून कापूरवाडी, शेंडी, भिंगार इत्यादि गांवांच्या बाजूनें जमिनीखालून खापरी नळ घालून शहरांत पाणी खेळविण्यांत आलें. ह्या नळांच्या पाण्यावर हमामखाने चालले, हौद भरले आणि बागा फुलल्या. त्यांपैकीं दोन बागांचीं नांवें विशेष प्रसिद्ध आहेत. शहराच्या उत्तरेकडील ‘हश्त बिहिश्त’ म्हणजे अष्टस्वर्ग, आणि आग्नेयेकडील ‘फराहबख्श’, ज्यास आपण फराहबाग म्हणतों. फराहबागेचें बांधकाम बराच काळ चाललें आणि तें मूर्तजा निजामशहाच्या कारकीर्दींत १५८३ सालीं पुरें झालें. विस्तीर्ण हौदाच्या मध्यावर उभा असलेला हा दुमजली महाल आज पडझड झालेल्या स्थितींतही पाहणाऱ्यास थबकवितो. मध्यें उंच घुमट, चोहों बाजूंस कमानी, आणि त्या कमानींतून येणारा पाण्यावरचा गार वारा. उन्हाळ्याच्या तलखींत ह्या वास्तूंत बसणाऱ्यास नगरचा वैशाख जाणवतच नसेल.

आजच्या भाषेंत बोलावयाचें तर फराहबाग हें एक जल-उद्यान होतें. मात्र त्यास तिकीट नव्हतें, कारण त्यास प्रेक्षकच एक होता. राजा आणि त्याची मर्जी असलेलीं चार माणसें यांच्या सुखासाठीं कित्येक कोसांवरून पाणी आणण्यांत आलें. नळ खणणारे मजूर, दगड घडविणारे पाथरवट व हौद उपसणारे भोई यांनीं त्या कमानींतील वारा बहुधा काम करतांनाच अनुभवला असेल. १६०० सालीं नगरचा किल्ला मोगलांच्या हातीं पडला, १६३६ त निजामशाही लयास गेली, आणि बागांचे मालक गेल्यावर हौदही कोरडे पडत गेले. एका माणसाच्या आनंदावर उभारलेली संस्था त्या माणसाबरोबर संपावी, हें ओघानेंच आलें.

लोकांची करमणूक मात्र राजवाड्यांत नव्हती, ती जत्रेंत होती. राज्यें बदललीं तरी जत्रा बदलल्या नाहींत. पाथर्डी तालुक्यांत मढी येथें कानिफनाथांची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत भरते, आणि तेथील गाढवांचा बाजार दूरदूरच्या प्रांतांतून गिऱ्हाइकें ओढतो. त्याच तालुक्यांत मोहट्याच्या देवीस नवरात्रांत रीघ लागते. श्रीरामपूर तालुक्यांत हरेगांवीं सप्टेंबरांत मतमाउलीची यात्रा भरते, आणि तींत केवळ ख्रिस्ती लोकच असतात असें नाहीं. ह्या सर्व ठिकाणीं देव व धर्म निरनिराळे असले, तरी एक दृश्य सर्वत्र सारखेंच आढळतें. दर्शन घेऊन माणूस रांगेंतून बाहेर पडला कीं त्याचे पाय रेवड्यांच्या दुकानांकडे आणि तेथून रहाटपाळण्याकडे वळतात.

हा रहाटपाळणा आपणांकडे किती जुना, हें निश्चित सांगणें कठीण आहे. पण त्याची जात जुनी आहे, ह्यांत शंका नाहीं. पिएत्रो देल्ला व्हाल्ले ह्या इटालियन प्रवाशानें १६१५ सालीं कॉन्स्टॅन्टिनोपल येथें सणाच्या दिवसांत अशा फिरत्या चक्रांत बसून घेतलेल्या मौजेचें वर्णन लिहून ठेवलें आहे. हाच प्रवासी पुढें १६२३ सालीं आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि गोव्यास जातां जातां चौलास थांबला. त्या वेळीं चौलचें वरचें गांव निजामशाहीच्या अमलाखालीं होतें. शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनांत फेरिस नांवाच्या अभियंत्यानें २६४ फूट उंचीचें, ३६ डब्यांचें लोखंडी चक्र उभें केलें, तेव्हां साऱ्या जगानें तें नवल म्हणून पाहिलें. तत्त्व मात्र लांकडी पाळण्याचेंच होतें. आमच्या खेड्यांतील चार पाळण्यांचें चक्र वाफेवर चालत नसे. दोन धट्टेकट्टे गडी आऱ्या धरून तें फिरवीत, आणि वर गेलेल्या पोराच्या पोटांत जो गोळा उठे, तो शिकागोच्या प्रेक्षकाच्या पोटांतील गोळ्याहून लहान नसे.

त्या गोळ्याचाच व्यापार पुढें कसा वाढला, हें पाहण्यासारखें आहे. रशियांत हिंवाळ्यांत लांकडी सांगाड्यांवर बर्फ गोठवून घसरगुंड्या करीत. १८१७ सालीं पॅरिस येथें चाकांच्या गाड्या लावून तशाच घसरगुंड्या उभारण्यांत आल्या आणि फ्रेंच लोकांनीं त्यांस ‘रशियन पर्वत’ हें नांव दिलें. अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया प्रांतीं डोंगरावरील खाणींतून कोळसा खालीं आणण्यासाठीं १८२७ सालीं उतरणीवर लोहमार्ग टाकला होता. पुढें लोक त्या गाड्यांतून केवळ मौजेखातर बसूं लागले. उद्योगाच्या साधनाची करमणूक कशी होते, ह्याचें ह्याहून चांगलें उदाहरण मिळणार नाहीं. १८८४ सालीं न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंड येथें थॉम्प्सन नांवाच्या गृहस्थानें ६०० फूट लांबीची नागमोडी गाडी सुरू केली. तिचा वेग ताशी सहा मैल, म्हणजे चांगल्या टांग्याहूनही कमी. भाडें पांच सेंट. लोकांनीं दारूच्या गुत्त्यांत जाण्याऐवजीं उघड्या हवेंत निरुपद्रवी मौज करावी, असा त्याचा हेतु असल्याचें सांगतात. रोलर कोस्टरचा व्यापारी इतिहास येथून धरावयाचा.

ह्या गाडीचें मर्म असें आहे कीं तिला स्वतःचें इंजिन बहुधा नसतें. सांखळीनें ओढून तिला पहिल्या उंचवट्यावर नेऊन सोडतात. पुढचा सारा प्रवास त्या उंचीच्या भांडवलावर होतो. सावकाराकडून एकदांच कर्ज काढून वर्षभर संसार चालवावा, तसाच हा प्रकार. प्रत्येक वळणावर घर्षण आपलें व्याज घेतें, म्हणून पुढचा प्रत्येक चढ पहिल्याहून कमी ठेवावा लागतो. गाडी उलटी फिरविण्याच्या एका जुन्या प्रयत्नांत कोनी आयलंड येथें १८९५ सालीं पूर्ण वर्तुळाकार मार्ग केला होता. गणित असें सांगतें कीं, तसल्या वर्तुळाचा माथा सुखरूप ओलांडण्याइतका वेग असला, तर तळाशीं माणसाचें वजन सहापट झाल्यासारखें होतें. आणि खरोखरच बसणाऱ्यांच्या माना लचकूं लागल्या. १९७६ साला-सुमारास जर्मन अभियंत्यांनीं वर्तुळाऐवजीं थेंबाच्या आकाराचें वळण योजिलें. तळाशीं वळण मोठें आणि माथ्यावर लहान ठेवल्यामुळें तो भार सोसण्याजोगा झाला. भीति तीच राहिली, इजा टळली. ज्या विद्यार्थ्यांस गतिशास्त्राचा कंटाळा येतो, त्यांस हें एक उदाहरण पुरेसें व्हावें.

हिंदुस्थानांत ही विद्या उशिरां आली. दिल्लीस १९८४ सालीं ‘अप्पू घर’ उघडलें. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या हत्तीचें नांव त्यास दिलें होतें, आणि २००८ सालीं तें बंद झालें. मुंबईकरांस १९८९ त गोराईचें ‘एस्सेलवर्ल्ड’ मिळालें. होडींत बसून खाडी ओलांडावयाची आणि पलीकडे दिवस घालवावयाचा, ही एका पिढीच्या बालपणाची खूण झाली. करोनाच्या साथीनंतर तेंही पूर्ववत् चालूं शकलें नाहीं. चित्रपट-व्यवसायांत नांव मिळविलेले मनमोहन शेट्टी यांनीं २०१३ सालीं खोपोलीजवळ इमॅजिका उघडलें. तेथील ‘नायट्रो’ नांवाचा रोलर कोस्टर सुमारें ४० मीटर उंच आहे, आणि त्याचा वेग ताशीं शंभर किलोमीटरच्या घरांत जातो. परंतु गाडी जशी पहिल्या चढाच्या उंचीवर, तशी ती संस्था कर्जाच्या उंचीवर उभी होती. येणाऱ्यांची संख्या अपेक्षेप्रमाणें वाढली नाहीं, त्यांतच मार्च २०२० मध्यें साथीमुळें दरवाजे बंद झाले, आणि अखेर धनकोंच्या तडजोडींतून २०२२ सालीं ती मालपाण्यांकडे आली.

आतां संगमनेरकडे वळूं. प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावरील हें गांव पुष्कळ वर्षें तंबाखू आणि विड्या यांसाठीं प्रसिद्ध आहे. घरोघरीं सुपांत पानें घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांच्या बोटांवर येथील बाजारपेठेचा एक मोठा भाग उभा राहिला. मालपाणी घराणें जर्द्याच्या व्यापारांतून नांवारूपास आलें. मग त्यानें पवनचक्क्या उभारल्या आणि शिर्डी व लोणावळा येथें जल-उद्यानें काढलीं. शिर्डींत ‘साईतीर्थ’ नांवाचें एक भक्तिविषयक उद्यानही ह्याच घराण्यानें उभारलें; तेथें यांत्रिक हालचाली करणाऱ्या मूर्तींच्या द्वारें साईबाबांचें चरित्र दाखविण्यांत येतें. पुढें हीं उद्यानेंही इमॅजिकाच्याच कंपनीच्या छत्राखालीं आणण्यांत आलीं.

पुष्कळ धर्मनिष्ठ माणसें ह्या प्रकारानें अस्वस्थ होतात. ज्या गांवीं एका फकिरानें भिक्षा मागून आयुष्य काढलें व जेथें १९१८ सालीं तो समाधिस्थ झाला, त्या गांवीं पाण्याच्या घसरगुंड्या कशास, असें तीं विचारतात. हा आक्षेप मला इतिहासाच्या कसोटीवर टिकणारा वाटत नाहीं. देव आणि पाळणा हे आमच्या जत्रेंत नेहमींच शेजारी होते. मढीस नाथांच्या पायांवर डोकें ठेवून पाळण्यांत बसणारा शेतकरी आणि शिर्डीस समाधीचें दर्शन घेऊन मुलांना जल-उद्यानांत नेणारा मुंबईचा कारकून, हे एकाच परंपरेचे आहेत. २०१७ सालीं शिर्डीस विमानतळ झाला, तत्पूर्वींच रेल्वे आली होती. वाहन बदललें, क्रम बदलला नाहीं.

बदललें तें दुसरेंच कांहीं, आणि खरा विचार तेथें केला पाहिजे. जत्रेस कुंपण नव्हतें. पाळण्यास पैसा पडे, परंतु पाळणा फिरतांना पाहण्यास पडत नसे. ज्याच्या कनवटीस दमडी नव्हती, तोही त्या दिव्यांत, त्या गलक्यांत, त्या धुळींत सामील असे. आजच्या उद्यानास भिंत आहे आणि तिकीट हेंच तिचें दार आहे. एका कुटुंबास आंत शिरण्यास जो खर्च येतो, तो शेतमजुराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतका होतो. विडी वळणाऱ्या बाईच्या श्रमांतून ज्या बाजारपेठेस बरकत आली, त्या बाजारपेठेच्या भांडवलावर उभ्या असलेल्या घसरगुंडीवर तिचीं नातवंडें बसूं शकतात काय, हा प्रश्न कटु असला तरी टाळतां येण्यासारखा नाहीं.

तथापि जत्रेचें गोडवे गातांनाही सावध असलें पाहिजे. ज्या जत्रेस कुंपण नव्हतें, तिच्या देवळास मात्र उंबरठा होता, आणि तो कित्येक जातींस शतकानुशतकें ओलांडतां आला नाहीं. पाळण्याभोंवतींच्या गर्दींतही कोणीं कोणास शिवावयाचें नाहीं, हें ठरलेलेंच होतें. रोलर कोस्टरच्या रांगेंत पुढचा माणूस कोणत्या जातीचा, हें मागच्यास ठाऊक नसतें. एकदां गाडी सुटली म्हणजे दोघेही सारख्याच आवाजांत ओरडतात. तिकिटानें जुनी एक भिंत पाडली आणि नवी एक उभी केली, असें म्हणणेंच न्यायाचें होईल. सरकारनेंही ह्या भिंतीवर आपला वांटा नेहमीं घेतला आहे. मुंबई इलाख्यांत करमणूक-कराचा कायदा १९२३ सालीं झाला. २०१७ सालीं वस्तु व सेवा कर आला, तेव्हां अशा उद्यानांवर शेंकडा २८ कर बसविला होता, आणि जानेवारी २०१८ त तो १८ वर आणण्यांत आला.

दुसरा प्रश्न पाण्याचा. जल-उद्यानांतील पाणी गाळून पुनःपुन्हां वापरतात, हें खरें. पण ऊन तापलें कीं वाफ होऊन जाणारें आणि सांडून जाणारें पाणी भरून काढावेंच लागतें. गोदावरीच्या कालव्यांमुळें व भंडारदऱ्याच्या १९२६ सालच्या धरणामुळें जिल्ह्याचा उत्तरभाग ओला झाला. दक्षिणेकडील कर्जत, जामखेड, पाथर्डी हे तालुके कोरडेच राहिले. १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं खडी फोडून काढला, तीं माणसें अद्याप हयात आहेत. २००५ च्या कायद्यानें नदीच्या खोऱ्यांतील पाण्याच्या समान वांटपाचें तत्त्व मान्य केल्यापासून, अवर्षणाच्या सालीं नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीस पाणी सोडावें कीं नाहीं, ह्यावर मोर्चे निघतात आणि दावे चालतात. अशा प्रदेशांत करमणुकीसाठीं पाणी मागणारानें किती घेतों, कोठून घेतों आणि परत किती वापरतों, ह्याचा हिशेब दरसाल जाहीरपणें मांडावा, ही अपेक्षा वावगी नाहीं. फराहबागेच्या मालकास तो हिशेब कोणी विचारूं शकत नव्हतें. आज विचारतां येतो, हीच काय ती पांचशें वर्षांची कमाई. ती वापरली नाहीं, तर ती असून नसल्यासारखीच.

तिसरा प्रश्न जिवाचा. १४ जुलै २०१९ रोजीं अहमदाबादेस कांकरिया तलावाकाठचा झुलता पाळणा मोडून दोन माणसें दगावलीं. २५ मे २०२४ रोजीं राजकोट येथील खेळघरास आग लागून २७ जणांचे प्राण गेले, आणि त्यांत मुलेंही होतीं. भीतीची मौज ही विश्वासावर उभी असते. आपण पडणार नाहीं ह्याची खात्री असल्यामुळेंच माणूस पडण्याचा खेळ खेळतो. ती खात्री देणारा नट, बोल्ट व पट्टा तपासणारा माणूस प्रेक्षकांस दिसत नाहीं. परंतु सारा डोलारा त्याच्याच प्रामाणिकपणावर तोललेला असतो. मोठ्या उद्यानांत हें काम नेमानें होत असतें असें धरलें, तरी गांवोगांव फिरणाऱ्या पाळण्यांचें काय? २०२० आणि २०२१ ह्या दोन वर्षीं साथीमुळें जत्रा भरल्या नाहींत, आणि पाळणेवाल्यांचें लोखंड गंजत पडलें. तें पुन्हां जोडण्यापूर्वीं जाणत्याकडून तपासून घेण्याइतकी ऐपत त्यांच्यांतील किती जणांस होती? येथें जिल्हा परिषदेस आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांस करण्यासारखें मोठें काम आहे. यात्रेपूर्वीं विद्यार्थ्यांची एक तुकडी शिक्षकांसह जाऊन पाळण्यांची तपासणी करील, तर विद्येचा उपयोग होईल आणि पाळणेवाल्याची भाकरही जाणार नाहीं.

करमणूक ही चैन आहे, असें समजण्याची आमच्या मध्यमवर्गांत एक जुनी खोड आहे. स्वतःच्या मुलांस सुटींत उद्यानांत नेणारेच गृहस्थ मजुराचा पोर जत्रेंत पैसे उडवितो म्हणून हळहळतात. पण सहा महिने ऊंस तोडणाऱ्या बैलगाडीबरोबर हिंडणाऱ्या पोरास वर्षांतून एक दिवस आकाशाच्या जवळ जाऊन यावेंसें वाटलें, तर त्यांत उधळपट्टी कोठली? संगमनेरच्या व्यापाऱ्यांनीं मुंबईच्या भांडवलदारांस जें साधलें नाहीं तें साधून दाखविलें, ह्याचा जिल्ह्यानें अभिमान अवश्य बाळगावा. मात्र त्याबरोबर एक मागणेंही मागावें. ज्या महिन्यांत गर्दी कमी असते, त्या महिन्यांतील कांहीं दिवस दक्षिणेकडील कोरड्या तालुक्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळांसाठीं राखून ठेवावे. कर्जत-जामखेडच्या मुलांनीं एवढें पाणी एका ठिकाणीं, केवळ खेळण्यासाठीं भरलेलें, एकदां तरी पाहावें. त्यांतील एखादा मुलगा घरीं परत जातांना हें पाणी येथें कसें आलें असें विचारील, आणि जिल्ह्याचा इतिहास तेथून शिकण्यास आरंभ करील.